‘इनर सिटी’तील मुले मराठीत कोठली म्हणावीत?

एका चित्रपट मंडळासाठी परिचयपत्रिका लिहिणाऱ्या वाचकांनी विचारले आहे की, १९९४ सालच्या ‘हूप ड्रीम्स’ या अमेरिकी माहितीपटाची ओळख मराठीत करून देताना ‘इनर सिटी’साठी कोणता शब्द वापरावा. त्यांच्या मसुद्यातील वाक्य असे आहे : ‘अंतर्गत शहरातील किशोरवयीन मुले व्यावसायिक बास्केटबॉलच्या स्वप्नांचा पाठलाग करतात.’ मंडळातील एका सदस्यांनी ‘अंतर्गत शहर’ खोडून ‘झोपडपट्टी’ सुचवले, तर दुसऱ्यांनी ‘मध्यवस्ती’. यांतील योग्य शब्द कोणता, आणि उरलेले वाक्य आहे तसे ठेवावे का, असा प्रश्न आहे. माझे मत असे की, या तिन्हींपैकी एकही शब्द येथे बसत नाही. इंग्रजी शब्द नाव घेतो जागेचे, म्हणजे शहराच्या आतल्या भागाचे, पण सांगतो तेथल्या माणसांची स्थिती, म्हणजे त्यांची गरिबी आणि वंश. मराठीत ती स्थितीच उघडपणे लिहावी लागेल.

प्रथम ‘अंतर्गत’. हे विशेषण मराठीत एखाद्या संस्थेच्या किंवा प्रदेशाच्या आतल्या व्यवहाराला लागते : अंतर्गत सुरक्षा, अंतर्गत मूल्यमापन, पक्षांतर्गत वाद, शहरांतर्गत वाहतूक. ‘अंतर्गत शहर’ वाचल्यावर एका शहराच्या पोटात दुसरे शहर वसले आहे असा काहीसा बोध होतो, आणि तो येथे अभिप्रेत नाही. संस्कृत घडणीचा शब्द हवाच असेल तर ‘अंतर्नगर’ हा संधीच्या दृष्टीने शुद्ध आहे, आणि भूगोलाच्या पुस्तकात व्याख्या देऊन तो वापरता येईल. ‘आंतरनगर’ मात्र कोणी लिहू नये, कारण ‘आंतर’ म्हणजे दोन किंवा अधिक घटकांमधले. आंतरराष्ट्रीय, आंतरजातीय, आंतरमहाविद्यालयीन या शब्दांवरून हे लक्षात येईल. ‘आंतरनगर’ म्हटले की एका नगरातून दुसऱ्या नगरात धावणारी गाडी आठवेल.

‘मध्यवस्ती’ हा अस्सल, रुळलेला मराठी शब्द आहे आणि नेमकी तीच त्याची अडचण आहे. घराच्या जाहिरातीत ‘शहराच्या मध्यवस्तीत’ हे शब्द येतात तेव्हा ते त्या घराची किंमत वाढवण्यासाठी येतात. मध्यवस्तीत बाजारपेठ असते, जुनी देवळे असतात, नावाजलेल्या शाळा असतात. पुण्यात पेठेत राहणे हे कित्येक पिढ्या अभिमानाने सांगितले गेले. मराठी माणसाच्या मनात शहराचा मध्य म्हणजे मानाची जागा. ‘मध्यवस्तीतील मुले’ असे वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे खाऊनपिऊन सुखी घरांतली मुले उभी राहतील.

शिवाय, इंग्रजी शब्दातले ‘आत’ हे नकाशावरचे ‘आत’ नाहीच, आणि या माहितीपटातील दोन मुलांची घरे पाहिली की ते स्पष्ट होते. विल्यम गेट्स हा शिकागोतील कॅब्रिनी-ग्रीन या वसाहतीत राहत होता. ती वसाहत शहराच्या व्यापारी केंद्राच्या उत्तरेला, अगदी जवळ होती, आणि तेथून दोनेक किलोमीटरच्या आतच मिशिगन सरोवराच्या काठी गोल्ड कोस्ट हा शिकागोतील अतिश्रीमंतांचा भाग आहे. तो भाग कॅब्रिनी-ग्रीनइतकाच शहराच्या आत आहे, पण त्याला ‘इनर सिटी’ कोणी म्हणत नाही. दुसरा मुलगा आर्थर एजी पश्चिमेकडील वेस्ट गारफिल्ड पार्कमध्ये राहत होता. हा भाग केंद्रापासून सुमारे आठ किलोमीटर दूर, शहराच्या पश्चिम हद्दीच्या बाजूला आहे. तरीही तो ‘इनर सिटी’त निःशंकपणे मोडतो. तेव्हा ज्या शब्दात शेजारचे श्रीमंत बसत नाहीत आणि दूरचे गरीब बसतात, तो शब्द अंतर मोजत नाही हे उघड आहे.

मग तो काय मोजतो? त्यासाठी थोडा इतिहास सांगणे भाग आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दक्षिणेकडील राज्यांतून कृष्णवर्णीय कुटुंबे उत्तरेच्या औद्योगिक शहरांत येऊ लागली आणि हा ओघ १९७० च्या आसपासपर्यंत चालू राहिला. १९१० मध्ये शिकागोत सुमारे ४४ हजार कृष्णवर्णीय होते. १९६० मध्ये ते आठ लाखांहून अधिक झाले. त्यांनी कोठे राहावे हे मात्र इतरांनी ठरवले. घरांच्या खरेदीखतांत कृष्णवर्णीयांना विकू नये अशा अटी असत. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या अटी न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत असे ठरवले. १९३० च्या दशकात केंद्र सरकारच्या गृहकर्जविषयक संस्थेने शहरांचे नकाशे तयार केले, त्यांत कृष्णवर्णीयांच्या वस्त्या तांबड्या रंगात दाखवल्या गेल्या आणि त्या भागांत घरासाठी कर्ज मिळणे जवळजवळ अशक्य झाले. त्याच काळात शहराबाहेर नवी घरे घेणाऱ्या गोऱ्या कुटुंबांच्या कर्जांना सरकारी हमी मिळत होती, आणि १९५६ च्या कायद्यानंतर महामार्गांचे जाळे पसरल्यावर ती कुटुंबे आणखी वेगाने बाहेर गेली. वेस्ट गारफिल्ड पार्क १९५० मध्ये जवळजवळ पूर्णपणे गोऱ्यांचे होते. १९७० पर्यंत ते जवळजवळ पूर्णपणे कृष्णवर्णीयांचे झाले. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत तेथील बाजाररस्ता जळाला. दुकाने गेली, रोजगार गेला, आणि मागे राहिलेल्यांसाठी ‘इनर सिटी’ हे नाव रूढ झाले. गरिबी आणि वंश या दोन्ही गोष्टी न उच्चारता सुचवण्याची सोय त्या नावात आहे, आणि म्हणूनच ते वृत्तपत्रांना व राजकारण्यांना सोयीचे ठरले. मराठीत लिहिताना ही सोय आपण का सांभाळावी, हे मला समजत नाही.

‘झोपडपट्टी’ या सूचनेमागील हेतू मला पटतो, कारण तिच्यात निदान गरिबीचा उल्लेख आहे. पण शब्द चुकीचे चित्र उभे करतो. झोपडपट्टी म्हटले की पत्र्याची, ताडपत्रीची, बहुधा अनधिकृत आणि केव्हाही तोडली जाईल अशी घरे समोर येतात. कॅब्रिनी-ग्रीन १९४२ ते १९६२ या काळात सरकारनेच टप्प्याटप्प्याने बांधले, आणि त्यातील काही इमारती पंधरा मजल्यांहून उंच होत्या. तेथील रहिवासी सार्वजनिक गृहनिर्माण प्राधिकरणाचे अधिकृत भाडेकरू होते. दुर्दशा झाली ती देखभाल थांबल्यामुळे आणि भोवतालचे रोजगार नाहीसे झाल्यामुळे. त्या वसाहतीतील शेवटची उंच इमारत २०११ मध्ये पाडली गेली. अशा वसाहतींना अमेरिकेत ‘प्रोजेक्ट्स’ म्हणतात, म्हणून मराठी उपशीर्षकांत ‘तो प्रकल्पात राहतो’ असे लिहिण्याचा मोह होईल. तो टाळावा. ‘प्रकल्प’ म्हटले की आपल्याला धरण आठवते आणि त्यामागोमाग प्रकल्पग्रस्त. ‘सरकारी भाडेकरूंची वसाहत’ हे शब्द लांब असले तरी वाचकाला खरी गोष्ट सांगतात.

येथे एका मराठी शब्दप्रयोगाचा विचार केल्याशिवाय पुढे जाता येत नाही, तो म्हणजे ‘गावकुसाबाहेर’. ज्यांना समाजाने दूर ठेवले त्यांची जागा आपल्या भाषेने बाहेर दाखवली आहे, कारण आपल्या गावरचनेत ती खरोखरच बाहेर होती. अमेरिकी इंग्रजीत तीच जागा आत आहे. फ्रेंचमध्ये पुन्हा उलट होते. पॅरिसभोवतीच्या गरीब, स्थलांतरितांच्या वसाहतींसाठी तेथे ‘बांलिय’ हा शब्द वापरतात आणि त्याचा मूळ अर्थ शहराबाहेरचा परिसर असा आहे. तेव्हा आत आणि बाहेर या दिशा प्रत्येक समाजाच्या घडणीतून आलेल्या आहेत, आणि दिशेचे भाषांतर दिशेने केले की अर्थ उलटा पडण्याचा धोका असतो.

मग ‘गावकुसाबाहेरची मुले’ असे लिहावे काय? हा विचार मी गंभीरपणे केला, कारण त्या शब्दप्रयोगामागे दलित साहित्याने उभे केलेले सामर्थ्य आहे, आणि १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले होते, म्हणजे या दोन अनुभवांतील नाते आपल्याकडे फार पूर्वी ओळखले गेले आहे. तरीही माझे उत्तर नकारार्थी आहे. ‘गावकूस’ जातीची आणि खेड्याची आठवण घेऊन येते. शिकागोतील बहुमजली इमारतीत वाढलेल्या मुलाला ती चिकटवली तर त्याचा स्वतःचा इतिहास, म्हणजे गुलामगिरी, दक्षिणेतून झालेले स्थलांतर आणि तांबड्या रंगाचे नकाशे, झाकला जातो. परिचयाच्या ओघात, तुलना म्हणून, हा शब्द अवश्य यावा. नाव म्हणून नको.

माझी शिफारस ‘वस्ती’ या साध्या शब्दाची आहे, पण तो एकटा सोडू नये. ‘शिकागोतील गरीब कृष्णवर्णीय वस्त्यांत वाढलेली दोन मुले’ असे लिहिले की इंग्रजीने जे सूचित ठेवले ते मराठीत स्पष्ट होते. ‘वस्ती’ला मराठीत आधीपासूनच साधेपणाची आणि अभावाची एक छटा आहे, ‘वस्तीतील मुलांसाठी अभ्यासिका’ असे म्हटले की कोणत्या वस्तीतील हे विचारावे लागत नाही. त्याचबरोबर त्यात हेटाळणी नाही, आणि हे महत्त्वाचे आहे, कारण या माहितीपटात त्या घरांतील माणसांविषयी कोठेही हेटाळणी नाही. एकदा असे लिहिल्यावर पुढे नुसते ‘वस्तीतील मुले’ पुरेल. ‘इनर सिटी’ हा शब्द देवनागरीत एकदा देऊन त्याचा अर्थ सांगायलाही हरकत नाही.

याला जोडूनच ‘सबर्ब’साठीचा ‘उपनगर’ हा शब्द. दोन्ही मुलांना वेस्टचेस्टर येथील सेंट जोसेफ या खासगी कॅथलिक शाळेने बास्केटबॉलसाठी घेतले. पुढे विख्यात झालेला बास्केटबॉलपटू आयझेया थॉमस याच शाळेतून खेळला होता, आणि त्या नावाचे आकर्षण माहितीपटात सतत जाणवते. शाळेत पोहोचायला एका बाजूने दीड तास लागे. वेस्टचेस्टरला ‘उपनगर’ म्हणावे, पण मुंबईच्या वाचकासाठी एक वाक्य जोडावे. अंधेरी किंवा बोरिवली मुंबई महानगरपालिकेतच येतात, तर वेस्टचेस्टर हे शिकागोच्या हद्दीबाहेरचे, स्वतःचा कारभार असलेले गाव आहे. मुलगा रोज पहाटे नुसता लांब जात नाही, तो एका व्यवस्थेतून दुसऱ्या व्यवस्थेत जातो. शुल्क थकल्यामुळे आर्थरला ती शाळा वर्षाच्या मधेच सोडावी लागली आणि तो शहरातील मार्शल या शाळेत दाखल झाला, हे कळण्यासाठी ही सीमा वाचकाला दिसली पाहिजे. मार्शलला ‘पब्लिक स्कूल’ लिहू नये. आपल्याकडे त्या नावाच्या शाळा बहुधा महागड्या खासगी असतात. ‘सरकारी शाळा’ लिहावे.

‘किशोरवयीन’ चूक नाही, पण मी ‘कुमारवयीन’ पसंत करेन. खो-खो आणि कबड्डीच्या स्पर्धांमुळे ‘किशोर गट’ लहानांचा आणि ‘कुमार गट’ त्याहून मोठ्यांचा, हा भेद मराठी क्रीडाविश्वात पक्का आहे. अर्ध्या तासाचा लघुपट करायचा म्हणून दिग्दर्शक स्टीव्ह जेम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेले हे चित्रण सुमारे पाच वर्षे चालले आणि अडीचशे तासांच्या आसपास साहित्य जमले. त्या काळात चौदा वर्षांची मुले महाविद्यालयाच्या दारापर्यंत पोहोचली. ‘कुमार’ हा शब्द त्या वयाच्या मोठ्या भागाला लागू पडतो.

राहता राहिला ‘स्वप्नांचा पाठलाग’. हा प्रयोग अलीकडे इतका वाढला आहे की तो मराठीच वाटू लागला आहे, परंतु पाठलाग आपण चोराचा करतो, शत्रूचा करतो. स्वप्न मराठी माणूस पाहतो, उराशी बाळगतो, आणि ते साकार व्हावे म्हणून एखाद्या गोष्टीचा ध्यास घेतो. या माहितीपटाच्या बाबतीत तर ‘पाठलाग’ आशयालाही धरून नाही. पाठलाग करणारा आपल्या मर्जीने धावतो. येथे विल्यमच्या मागे त्याचा थोरला भाऊ आहे, ज्याचे स्वतःचे खेळाडू होणे राहून गेले आणि जो आता धाकट्यात आपले राहिलेले पाहतो; आर्थरच्या मागे त्याचे वडील तसेच आहेत. मोठा खेळाडू झालास की आम्हाला विसरू नकोस, असे लोक विल्यमला सांगत राहतात, आणि मी मोठा झालो नाही तर तुम्ही मला विसरू नका असे उत्तर द्यायला हवे होते, अशा अर्थाचे तो एका ठिकाणी बोलतो. गुडघ्याच्या दुखापतीनंतरही त्याला खेळत राहावे लागते. इतरांनी सोपवलेले आणि स्वतःचेही झालेले स्वप्न सांगायला ‘उराशी बाळगणे’ हा प्रयोग अधिक प्रामाणिक आहे, कारण उराशी धरलेल्या गोष्टीला वजन असते.

पत्रिकेसाठी पूर्ण वाक्य असे सुचवतो : ‘शिकागोतील गरीब कृष्णवर्णीय वस्त्यांत वाढलेल्या, व्यावसायिक बास्केटबॉलपटू होण्याचे स्वप्न उराशी बाळगणाऱ्या दोन कुमारवयीन मुलांची पाच वर्षांची वाटचाल दाखवणारा माहितीपट.’ पुढच्या परिच्छेदात विल्यमला मार्केट (Marquette) विद्यापीठात मिळालेल्या ‘शिष्यवृत्ती’चा उल्लेख येईल, तेथे ‘खेळाडू म्हणून मिळालेली शिष्यवृत्ती’ असे लिहावे. नुसत्या ‘शिष्यवृत्ती’ने आपल्या वाचकाला गुणवत्ता परीक्षा आठवते, आणि विल्यमला तर प्रवेशपरीक्षेत किमान गुण मिळवण्यासाठी पुन्हा पुन्हा बसावे लागले होते.