काचेचं भांडं आणि बेंटनव्हिल

"ताई, हे गाव मला आवडतं की नाही, तेच कळत नाही. सकाळी वाटतं, किती छान चाललंय. दुपारी चार वाजले की वाटतं, आत्ताच्या आत्ता बॅगा भराव्यात. मी कृतघ्न आहे का? की मला काही झालंय?"

परदेशात लहान गावी संसार मांडलेल्या, मांडीवर तान्हं मूल असलेल्या मुली हा प्रश्न मला, समुपदेशक म्हणून, वरचेवर विचारतात. शब्द थोडे इकडेतिकडे, पण शेवटचं "मी कृतघ्न आहे का?" ठरलेलं. म्हणून त्यांतल्या एकीची गोष्ट सांगते. तिची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नाव लिहीत नाही.

ती सांगलीची. सिव्हिल इंजिनिअर, पुण्यात चार वर्षं साइटवर काम केलेली. लग्नानंतर अमेरिकेच्या दक्षिणेत, आर्कान्सा राज्यातल्या बेंटनव्हिलला गेली. वॉलमार्ट या दुकानांच्या साखळीचे संस्थापक सॅम वॉल्टन यांचं जुनं दुकान अजून चौकात जपून ठेवलेलं, त्या कंपनीचं मुख्यालय असलेलं हे गाव. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या चोपन्न हजार, म्हणजे सांगलीपुढे लहानच. पण वॉलमार्टमुळे आणि तिच्याशी जोडलेल्या आयटीच्या कामांमुळे भारतीय कुटुंबं बरीच आहेत, मराठीही आहेत. हिचा नवरा अशाच कामावर.

फेब्रुवारी २०२४ मध्ये तिला मुलगा झाला. बाळंतपणाला आई गेली होती, व्हिसाचे सहा महिने संपल्यावर जुलैत परत आली. ऑगस्टच्या शेवटी हिचा मला पहिला फोन. माझ्याकडचे रात्रीचे साडेआठ म्हणजे तिच्याकडचे सकाळचे दहा, बाळाच्या झोपेची वेळ. आमची सगळी बोलणी त्या पाऊण तासात, दबक्या आवाजात झाली.

पहिल्या दिवशी ती गावाचं कौतुकच करत होती. जंगलात बांधलेलं क्रिस्टल ब्रिजेस हे कलादालन, प्रवेश फुकट, बाबागाडी ढकलत तासभर फिरावं. ओळख नसली तरी हात हलवणारे लोक. दार धरून उभे राहणारे, "मॅम" म्हणणारे. आणि मग एकदम म्हणाली, "पण मला इथे श्वास घेता येत नाही." आईला हे सांगितलं तर आई म्हणाली, "सुख बोचतंय का तुला?" नवरा म्हणाला, "न्यू जर्सीत या पैशात एवढं घर मिळालं असतं का?" दोघांचंही खरं होतं, म्हणून तिला आणखीच अपराधी वाटलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत.

अशा वेळी मी आधी गावाबद्दल बोलत नाही, झोपेबद्दल विचारते. बाळंतपणानंतर पहिले दोन आठवडे रडू येणं, मन भरून येणं हे बहुतेकींना होतं आणि आपोआप ओसरतं. हिला सहा महिने होऊन गेले होते. म्हणून बाळंतपणानंतरच्या नैराश्याचा अंदाज घेणाऱ्या एडिंबरा प्रश्नावलीचे दहा प्रश्न मी तिला मराठीत वाचून दाखवले. १९८७ पासून जगभर वापरात असलेली ही प्रश्नावली गेल्या सात दिवसांबद्दल विचारते, आणि तिचा शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल असतो. त्या प्रश्नाला तिचं उत्तर "कधीच नाही" असं होतं. एकूण गुण तीसपैकी अकरा. यावरून निदान होत नाही, पण दहा किंवा जास्त आले की मी डॉक्टरांकडे पाठवतेच. मी पुण्यात बसून तिची तपासणी करू शकत नाही, हे तिला स्पष्ट सांगितलं. तिथल्या डॉक्टरांनी बोलून घेतलं, रक्त तपासलं, थायरॉइडही पाहिलं, कारण बाळंतपणानंतर ते बिघडलं की असाच थकवा आणि अशीच उदासी येते. थायरॉइड ठीक होतं, लोह बरंच कमी होतं. गोळ्या सुरू झाल्या, आणि रात्रीचं एक दूध नवऱ्याने पाजायचं ठरलं. १-८३३-८५२-६२६२ हा आयांसाठीच्या मानसिक आधाराचा अमेरिकेतला सरकारी नंबर मी तिच्या फ्रिजवर लावायला सांगितला. तो फुकट आहे आणि रात्री तीनलाही उचलला जातो. अमेरिकेत राहणाऱ्या कुणी हे वाचत असेल तर तिनेही लिहून ठेवावा.

तीन आठवड्यांनी ती म्हणाली, "आता दुपारी चारचं सातवर गेलंय." म्हणजे गावावरचा राग निम्मा अशक्तपणाचा होता. उरलेला निम्मा मात्र गोळीने जाणारा नव्हता.

मध्यंतरी माझी एक चूक झाली. सप्टेंबरात गणपती होते, मी घाईने म्हटलं, "मराठी मंडळात जा, चार माणसं भेटतील." ती नऊवारी नेसून, बाळाला घेऊन गेली आणि आली ती जास्तच एकटी होऊन. तिथे प्रत्येकीने विचारलं, "जॉब करतेस का?" एच-फोर व्हिसावरच्या, म्हणजे नोकरीवर गेलेल्या नवऱ्याची बायको म्हणून तिथे राहणाऱ्या बाईला हा प्रश्न कुठे लागतो, ते मला आधी कळायला हवं होतं. २०१५ च्या नियमाने एच-फोरवाल्यांना कामाची परवानगी मिळू लागली खरी, पण साधारणपणे नवऱ्याच्या ग्रीन कार्डचा आय-१४० हा टप्पा मंजूर झाल्यावर. यांचा झाला नव्हता. वीस मजुरांवर देखरेख केलेली मुलगी, आणि तिथे स्वतःच्या नावावर एक डॉलर कमवायची मुभा नाही. मी तिची माफी मागितली. एकटेपणावर "लोकांत मिसळ" हा उतारा आपण फार सहज देतो. कोणते लोक आणि ते काय विचारतील, हे आधी पाहावं लागतं.

मग आम्ही एक काम केलं. "हे गाव मला नको" असं जेव्हा जेव्हा वाटेल तेव्हा त्या क्षणी काय घडलं होतं ते तिने वहीत एका ओळीत लिहायचं. पंधरा दिवसांच्या ओळी आम्ही एकत्र वाचल्या आणि प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारला: तू सांगलीत असतीस तर हे झालं असतं का?

"बाळ दीड तास रडत होतं." झालं असतं, पण उचलून घ्यायला आणखी तीन हात असते. "दूध संपलं, नवरा ऑफिसात." सांगलीत कोपऱ्यावर दुकान असतं. इथे गाडीशिवाय पान हलत नाही, आणि ही परीक्षेच्या भीतीने लायसन्स पुढे ढकलत होती. "जुन्या मैत्रिणीला बढती मिळाली." ही ओळ व्हिसाची होती, गावाची नव्हे. अशा करत करत खरोखर गावाच्याच म्हणाव्यात अशा चार ओळी उरल्या.

त्यांतली एक अशी: दुकानाच्या पार्किंगमध्ये ती बाळाला गाडीत बसवत असताना जाणाऱ्या ट्रकमधून कुणीतरी ओरडलं, "गो होम." ती घरी आली आणि दिवसभर पडदे ओढून बसली. मग तिने त्या राज्याचा इतिहास वाचायला सुरुवात केली. १९५७ मध्ये लिटल रॉकच्या, तोवर फक्त गोऱ्या मुलांच्या असलेल्या सेंट्रल हायस्कूलमध्ये नऊ कृष्णवर्णीय मुलांना नेण्यासाठी राष्ट्राध्यक्षांना सैन्य पाठवावं लागलं. तिच्याच गावच्या चौकात १९०८ पासून कॉन्फेडरेट सैनिकाचा, म्हणजे अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या बाजूने लढलेल्या सैनिकाचा, पुतळा होता, तो २०२० मध्ये हलवला. मला म्हणाली, "ताई, पुतळा गेला हे चांगलंच झालं. पण तो शंभरावर वर्षं होता. माझा मुलगा या चौकात मोठा होणार."

इथे समुपदेशकाची कसोटी असते. "असे लोक थोडेच असतात, दुर्लक्ष कर," असं म्हणणं फार सोपं, आणि तेच तिला सगळ्यांनी सांगितलं होतं. मी तसं म्हटलं नाही. एक माणूस ओरडला हे खरं, आणि त्याने तिची भीती जागी झाली, तीही खरी. तिला मुलाची काळजी वाटणं हा आजार नाही. मी फक्त विचारलं, "त्या दिवशी तू कुणाला सांगितलंस?" कुणालाच नाही, नवऱ्यालाही नाही. त्या रात्री तिने त्याला सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "मलाही एकदा झालंय. तू घाबरशील म्हणून बोललो नाही." ते दोघे एकाच घरात ही एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होते.

आता भांड्याकडे येते. कारण माझ्या मते ही सगळी केस त्या भांड्यात होती.

बाळ झालं त्या आठवड्यात शेजारच्या आजी दारात काचेचं मोठं आयताकृती भांडं ठेवून गेल्या होत्या. चिकन कॅसरोल, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेला चिकनचा पदार्थ. दक्षिणेत कुणाकडे बाळ झालं, कुणी आजारी पडलं, कुणी गेलं, की शेजारी असं शिजवून आणतात. भांड्याच्या तळाला चिकटपट्टी आणि तिच्यावर त्यांचं आडनाव. हे घर शाकाहारी. आईने ते ओट्यावर ठेवूच दिलं नाही. नवऱ्याने अन्न टाकून दिलं, भांडं घासलं आणि गॅरेजमध्ये ठेवलं. बाहेर दिलेलं भांडं रिकामं परत करू नये, हे तर आपल्याकडचं अगदी लहानपणापासूनचं. त्यात काय घालून द्यावं हे सुचेना, टाकलेल्या अन्नाची लाज वाटे, म्हणून आज देऊ, उद्या देऊ करत आठ महिने गेले. मधल्या काळात ती आजींना टाळायला लागली. कचऱ्याची पेटी रस्त्यावर ठेवायलासुद्धा अंधार पडल्यावर जायची.

त्याच आजी २६ मे २०२४ च्या पहाटे हिच्या दाराशी आल्या होत्या. त्या रात्री बेंटन काउंटीतून टोर्नेडो गेला, शेजारच्या रॉजर्समध्ये झाडं घरांवर पडली, वीज गेली. ही, आई, नवरा आणि तीन महिन्यांचं बाळ जिन्याखालच्या कपाटात दाटीवाटीने बसलेले, आई रामरक्षा म्हणते आहे आणि बाहेर सायरन. वारा थांबल्यावर दार वाजलं. हातात विजेरी, अंगात रेनकोट, आणि पहिला प्रश्न: बाळ ठीक आहे ना?

"मग त्यांना टाळतेस का?" मी विचारलं.

"कारण त्यांनी मला विचारलं, तुम्हाला चर्च मिळालं का? मला वाटलं, सगळं प्रेम त्यासाठीच होतं."

बायबल बेल्ट म्हणतात त्या दक्षिणेतल्या, चर्चला फार मानणाऱ्या पट्ट्यात हा प्रश्न नव्या माणसाला सर्रास विचारतात. कधी त्यामागे धर्मात ओढण्याची इच्छा असते. कधी आपण गाडीत शेजारच्या बाईला "तुम्ही कुठल्या?" विचारतो, तितकाच त्याचा अर्थ असतो: तुमचं इथे कोण आहे? लांबून मला आजींचं मन कसं कळणार? तिलाही न विचारता कळणार नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "विजेरी घेऊन आलेली बाई आणि चर्च विचारणारी बाई एकच आहे. दोघींपैकी खरी कुठली, हे तुला आज ठरवायलाच पाहिजे का?" ती बराच वेळ काही बोलली नाही. बाळ उठलं आणि फोन बंद झाला.

दिवाळी आली. बाळाची पहिली दिवाळी, पण चकल्या वगैरे करायची ताकद नव्हती. तिने फक्त शंकरपाळे केले, गॅरेजमधलं भांडं काढलं, पुन्हा घासलं, भरलं आणि कडेवर बाळ घेऊन शेजारी गेली. कॅसरोलचंही खरं काय ते सांगून टाकलं: आम्ही मांस खात नाही, तुमचं अन्न टाकावं लागलं, मला फार वाईट वाटलं. आजी म्हणाल्या, "हनी, मग मला सांगायचंस ना." त्या तिच्याबरोबर तिच्या घरी आल्या, बाळाला घेतलं आणि म्हणाल्या, जा, अंघोळ कर, मी बसते. मला हे सांगताना तिचा आवाज कापत होता. आई भारतात परतल्यापासून पहिल्यांदा तिने दार बंद करून, केसांवरून, गरम पाणी गार होईपर्यंत अंघोळ केली होती.

आणि निघताना आजींनी पुन्हा विचारलं, यायचंय का रविवारी आमच्या चर्चला?

"मग?"

"मी म्हटलं, नाही, आमच्या घरी देव्हारा आहे, बघायचा का? त्यांनी बघितला. पाळण्यातल्या बाळकृष्णाला बघून म्हणाल्या, हा पण रात्री झोपत नाही का?"

तीन नोव्हेंबरला तिथली घड्याळं तासभर मागे गेली, तशी आमची वेळही बदलली. तोवर ती लायसन्सच्या परीक्षेला बसली होती, पहिल्यांदा नापास, दुसऱ्यांदा पास. राहायचं की परत यायचं, हा प्रश्न त्यांनी ठरवून एक वर्षासाठी बाजूला ठेवला. झोप पुरी होत नसताना आणि कागद मंजूर व्हायचे असताना एवढा मोठा निर्णय घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते मी तिला दिलं. वही मात्र ती अजून लिहिते. आता तिच्यात दोन्ही बाजूंच्या ओळी असतात, आणि त्यांची बेरीज करायची नाही असं आमचं ठरलं आहे.

थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरअखेरच्या अमेरिकन सणानंतरच्या सोमवारी तिचा फोन आला. ते भांडं परत तिच्या ओट्यावर होतं. आजींनी रताळ्याचं कॅसरोल पाठवलं होतं, झाकणावर चिकटपट्टी: "नो मीट." वर मार्शमेलो या मऊ, गोड मिठाईचा भाजलेला थर. मार्शमेलोत जिलेटिन असतं आणि ते जनावरांपासून करतात, हे हिला माहीत होतं, आजींच्या ध्यानात आलं नव्हतं.

"मग काय केलंस?"

"वरचा थर चमच्याने काढून टाकला. खालचं रताळं दोन वाट्या खाल्लं, ताई. आईच्या हातच्या शिऱ्यासारखं लागत होतं."