जत्रेतलं नाटक युट्यूबवर लाइव्ह दाखवलं तर मांडव रिकामा पडेल का?

तुमच्या गावच्या तरुणांना जत्रेचं नाटक लाइव्ह दाखवायचंय आणि जुनी मंडळी म्हणतात, घरबसल्या दिसलं तर मांडवात कोण फिरकणार? माझं उत्तर: बिनधास्त दाखवा. मांडवात येणारा माणूस देवाच्या पाया पडतो, फेरीतल्या दुकानांतून खाजं घेतो आणि आपल्या शेजारचा पोर तोंडाला रंग लावून कसा उभा राहतो ते बघायला खुर्ची धरतो. तो मोबाइलसाठी घरी थांबायचा नाही. लाइव्ह बघतात ते बोटीवर, दुबईत असलेले, नाहीतर गुडघ्यांनी घरी बसवलेले.

हा प्रश्न मला झोंबला, कारण आमच्या घरात तो बाबांच्या वेळेपासून आहे. बाबा गावच्या नाटकात नायक. पद संपायच्या आत मागून वन्समोअर यायचा. तेव्हा आखातातून येणारा प्रत्येक जण टेपरेकॉर्डर घेऊन यायचा. माझ्या मावसभावाने आपला एकदा पेटीच्या बाजूला नेऊन ठेवला. थोरले काका तालीम घ्यायचे, प्रॉम्प्टिंगही तेच करायचे. त्यांनी विंगेतून हात घालून तो बंद केला, कॅसेट काढून खिशात टाकली आणि म्हणाले, ‘केसरबाईंनी आपला आवाज असा कुणाला नेऊ दिला नाही. देवासमोरचं देवासमोरच राहू दे.’ बाबा थोरल्या भावापुढे तोंड उघडणाऱ्यांतले नव्हते. आज बाबा नाहीत. रंगवलेल्या चेहऱ्याचे फोटो आहेत, आवाज कुठेच नाही. मुलं विचारतात, आजोबा कसे गायचे? मी काय सांगू त्यांना?

गायिका केसरबाई केरकरांचं नाव काढलं की गोव्यात समोरचा गप्प होतो. पण मग पुरतं सांगा. ध्वनिमुद्रणाला त्या सहजी राजी होत नसत, हे खरं. तरी ज्या मोजक्या तबकड्या निघाल्या, त्यांच्यामुळेच केरीच्या या बाईंचं गाणं माझ्या पिढीच्या कानावर पडलं. १९७७ साली, त्या वारल्या त्याच वर्षी, त्यांची ‘जात कहां हो’ ही भैरवी नासाच्या व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीत बसून अंतराळात गेली. एकही तबकडी निघाली नसती तर काय पाठवलं असतं? काकांना हे सांगायचं तेव्हा माझं वय नव्हतं. आता त्यांचा नातू आमच्या समितीत बसून तेच वाक्य म्हणतो, आणि त्याला मी हे दरवर्षी ऐकवते.

नाटकाची खरी नासाडी करतात ते रील. आमच्याकडे एका मुलाची मिशी ऐन स्वगतात सुटली. त्याने ती बोटाने ओठावर दाबून धरली आणि एक शब्द न चुकता स्वगत पुरं केलं. मांडवाने टाळ्या वाजवल्या. फोनवर फिरली ती फक्त सुटलेली मिशी. पुढच्या जत्रेला तो मुलगा काम करायला तयार होईना. अख्खा प्रयोग लाइव्ह असता तर लोकांनी ते स्वगतही ऐकलं असतं. म्हणून लाइव्हच्या खाली ठळक लिहा की तुकडे काढू नयेत. सगळे ऐकतील असं नाही, पण गावातले ऐकतात.

कामाचं थोडं सांगते. नव्या चॅनेलला लाइव्ह सुरू व्हायला २४ तासांपर्यंत लागू शकतात, तेव्हा जत्रेच्या संध्याकाळी चॅनेल उघडत बसू नका. मोबाइलवरून लाइव्ह करायला निदान ५० सबस्क्रायबर हवेत. आवाज फोनच्या माइकवर सोडू नका, नुसता तबला ऐकू येतो. साउंडवाल्याला सांगून मिक्सरमधून वायर घ्या. प्रवेशांच्या मध्ये सिनेमाची गाणी लावलीत तर युट्यूबची यंत्रणा ती आपोआप ओळखते आणि लाइव्ह मध्येच तुटू शकतं. पेटी-तबलेवाले बसलेलेच असतात, त्यांना वाजवू द्या.

आणि हो, हे आधी लिहायला हवं होतं: प्रयोगाची परवानगी म्हणजे प्रक्षेपणाची परवानगी नव्हे. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे असतात. देवल, गडकरी, खाडिलकर यांची नाटकं मोकळी आहेत, कानेटकरांची नाहीत. वेगळं पत्र लिहून विचारा. नाही म्हणाले तर लाइव्ह नको, पण रेकॉर्डिंगबद्दलही त्याच पत्रात विचारून घ्या. निदान काम करणाऱ्यांच्या घरी एकेक प्रत राहू द्यावी, एवढं तरी मागाच.