अ‍ॅपला आठी दिसते, राग नाही

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे, तिला मानसशास्त्र घ्यायचंय. मी म्हणतो, आधी एआयमध्ये बीटेक कर, मग चेहऱ्यावरून खोटं पकडणाऱ्या फॉरेन्सिक (गुन्हे तपासाच्या) तंत्रज्ञानात जा. ती 'चालेल' म्हणाली. ती हे म्हणत असताना मी गुपचूप व्हिडिओ काढला आणि भावना ओळखणाऱ्या अ‍ॅपमध्ये टाकला, तर 'राग ६८ टक्के' आलं. तिला मायक्रोएक्स्प्रेशनचा, म्हणजे चेहऱ्यावर क्षणभर उमटणारे हावभाव ओळखण्याचा, कोर्स लावू का?
– एक पालक, सिंहगड रोड, पुणे

उत्तर : कोर्सचं नंतर बघू. मुलीच्या नकळत शूटिंग करून ते अ‍ॅपमध्ये घालणं मला फार खटकलं. मनात नसताना ती 'चालेल' का म्हणते, हे कळायला सॉफ्टवेअर कशाला हवं? 'नाही' म्हटल्यावर घरात काय होतं, ते तिला ठाऊक असणार. व्हिडिओ काढून टाका आणि काढला होता हे तिला सांगा. जड जाईल, तरी सांगा.

आता ते ६८ टक्के. चेहऱ्याच्या हालचालींना क्रमांक देण्याची पद्धत पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीसन या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मांडली. ४ म्हणजे भुवया आक्रसणं, १२ म्हणजे ओठांचे कोपरे वर जाणं. खोटेपणाला क्रमांकच नाही. भुवया रागाने आक्रसतात, तशाच विचार करताना, डोकं दुखताना, डोळ्यांवर ऊन आल्यावरही. चेहरा 'राग' असं लेबल लावलेल्या फोटोंशी किती जुळला, एवढंच तो आकडा सांगतो. आणि ते फोटो बरेचदा मुद्दाम हावभाव करून काढलेले असतात! बाजूचा उजेड, दाढी, खाली घातलेली मान, बोलताना हलणारे ओठ यांनीही मोजमाप बिघडतं. आरोपीच्या बाबतीत हे महागात पडतं. हॅलोपेरिडॉलसारखं मानसिक आजारावरचं औषध चालू असेल तर चेहरा थिजू शकतो. सॉफ्टवेअर 'न्यूट्रल' दाखवतं आणि अहवाल लिहिणारा 'पश्चात्ताप दिसत नाही' असं लिहून मोकळा होतो.

फॉरेन्सिक मानसशास्त्रज्ञाचं खरं काम म्हणजे केसपेपर, औषधांची यादी, नातेवाइकांशी बोलणं, एकाहून जास्त मुलाखती. विस्मरणाचं सोंग तपासायचं तर ५० चित्रं दाखवतात, मग दोन-दोनच्या जोडीतून पाहिलेलं चित्र ओळखायला लावतात. डोळे मिटून बोट ठेवलं तरी पंचवीसेक बरोबर यावीत. कुणाची दहाच आली, तर त्याला बरोबर उत्तरं माहीत होती आणि तो मुद्दाम चुकवत होता.

पुण्याच्याच सत्र न्यायालयाने २००८ मध्ये एका खून खटल्यात मेंदूलहरींच्या चाचणीचा आधार घेतला होता. सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नार्को, पॉलिग्राफ (खोटं पकडण्याची चाचणी) आणि ब्रेन मॅपिंग (मेंदूलहरींची चाचणी) संमतीशिवाय करता येणार नाही, असं बजावलं. चेहरा वाचणाऱ्या यंत्राला न्यायालय पायघड्या घालेल, या भ्रमात राहू नका.

वाट सरळ आहे : मानसशास्त्रात पदवी, मग एमए किंवा एमएस्सी, त्यापुढे आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी मिळवून देणारं क्लिनिकल शिक्षण किंवा फॉरेन्सिक सायकॉलॉजी. संख्याशास्त्र मात्र सोडू नये.

कोर्सचे पैसे वाचवा. तिला स्वतःला उत्सुकता असेल तर चेहऱ्याच्या हालचालींचे क्रमांक ओळखणारं ओपनफेस हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. संमती देणाऱ्या मैत्रिणीचा एक मिनिटाचा व्हिडिओ घ्यावा, आधी क्रमांक हाताने लिहावेत (तासभर सहज जातो), मग सॉफ्टवेअरशी ताडून पाहावेत. कंटाळली तर सोडू दे.