मेणाचं घर आणि मोघम प्रार्थना

प्रार्थनेला बसलं की पाठ झालेली वाक्यंच तोंडात येतात, मन भलतीकडे असतं आणि आपण ढोंग करतोय असं वाटतं, असं तुम्ही लिहिलंय. पाठांतराला दोष देऊ नका. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनेही तिसऱ्यांदा तेच शब्द बोलून प्रार्थना केली (मत्तय 26:44). घोळ बहुतेकदा मोघमपणाचा असतो.

माहीमच्या चर्चपाशी बुधवारी नोव्हेनाला (नऊ वेळा करायच्या प्रार्थनेला) नवसाची मेणाची घरं, हात, पाय विकायला असतात. आपण प्रॉटेस्टंट मंडळी त्याला नाक मुरडतो. पण मेणाचं घर घेणाऱ्याला आपण काय मागतोय हे नेमकं ठाऊक असतं. आणि आपण? ‘हे परमकृपाळू पित्या, आमच्या चुकांची क्षमा कर.’ कुठल्या चुका? तीच ओळ अशी म्हणून बघा: ‘सकाळी पाणी भरण्यावरून आईवर ओरडलो. अजून माफी मागितली नाही, मागावीशी वाटतही नाही.’ शेवटचा तुकडा गाळू नका, तोच सर्वांत खरा आहे. देवाला आपण आईसारखं ‘तू’ म्हणतो, तर पुढची भाषाही घरातलीच चालेल. येशूच्या दाखल्यातल्या जकातदाराची अख्खी प्रार्थना एका वाक्याची आहे (लूक 18:13).

रोज दहा मिनिटं पुरे. आधी बायबलातल्या स्तोत्रसंहितेतलं एक स्तोत्र ओठांतल्या ओठांत वाचा. 13वं घ्या, सहाच वचनं आहेत आणि पहिल्या दोनांतच ‘कोठवर?’ हा सवाल चारदा येतो. मग येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना, प्रत्येक मागणीपाशी थांबत. रोजच्या भाकरीच्या मागणीपाशी या महिन्याचं भाडं सांगा. क्षमेपाशी ज्याच्यावर राग आहे त्याचं नाव घ्या. इथे घाई होतेच. म्हणूनच की काय, प्रार्थना शिकवून झाल्यावर येशू याच एका मागणीकडे परत वळतो (मत्तय 6:14-15). नाव घेताना घसा अडला तर त्या दिवशी तिथेच थांबलात तरी चालेल.

मन घराच्या हप्त्याकडे पळालं? त्याला ओढून आणू नका, हप्ताच प्रार्थनेत घ्या. बायबल छापील वापरा. मोबाइलवर स्तोत्र उघडलं की वरून मेसेज टपकतोच. अंथरुणात पडून केलेली प्रार्थना झोपेत जाते.

प्रार्थनेसाठी ‘खोलीत जा, दार लाव’ असं येशू सांगतो (मत्तय 6:6), ते दहा बाय दहात पाच माणसं असताना कसं जमणार? तिथला मूळ ग्रीक शब्द कोठीच्या खोलीचा आहे; कोणाला दाखवायला प्रार्थना करू नये, एवढाच मुद्दा. गच्ची चालते, विरार लोकलही चालते. (तिघांच्या बाकावर कडेला, चौथ्या सीटवर असाल तर डोळे उघडेच ठेवा.)

चर्चमध्ये सगळ्यांसमोर मोठ्याने प्रार्थना करताना दर वाक्यात तीनदा ‘प्रभू’ येऊ लागला, की सांगण्यासारखं संपलंय असं समजा. दोन वाक्यं बोलून आमेन म्हणा.

काहीच वाटत नाही असे दिवस येतात, कधी आठवडेही. तेव्हा 88वं स्तोत्र वाचा. ते अंधारातच संपतं. त्याला पदरचा गोड शेवट जोडू नका.