बँड सॉची 5 एचपीची मोटर सारखी ट्रिप होते. मोठी मोटर बसवावी का?

आपण लिहिले आहे की आपल्या 24 इंची चाकांच्या बँड सॉला, म्हणजे दोन चाकांवरून पट्ट्यासारखे पाते फिरवून लाकूड चिरणाऱ्या यंत्राला, 5 एचपीची थ्री फेज मोटर आहे आणि सागवान चिरताना ती सारखी ट्रिप होते. तिच्या जागी 7.5 एचपीची मोटर बसवावी का, आणि तोपर्यंत ओव्हरलोड रिलेचा, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त करंट गेला की मोटर बंद पाडणाऱ्या साधनाचा, काटा वाढवून काम चालवता येईल का, असे आपण विचारले आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: एक दिवसही तसे चालवू नका. आमच्या वखारीत याच वाटेने सुरुवात झाली आणि शेवटी माझ्या काकांच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली.

हे 2006 च्या एप्रिलमधले आहे. आमची वखार चिपळूणच्या बाजूला होती, आंब्याच्या पेट्यांच्या फळ्यांचे काम डोक्यावर होते आणि भारनियमन रोजचेच होते. यंत्र थेट आपल्यासारखेच होते. मोटर ट्रिप होऊ लागली तेव्हा पाते बोथट झाले आहे हे डोळ्यांना दिसत होते. फळीच्या अंगावर करपल्याचे काळसर पट्टे उठत होते, भुसा दाणेदार पडण्याऐवजी पिठासारखा पडत होता आणि एरवी दोन बोटांनी ढकलले तरी सरकणारे लाकूड काका पोट लावून रेटत होते. माझा थोरला चुलतभाऊ, म्हणजे दादा, म्हणाला की मोटरच लहान पडते आहे. पाते उतरवून धार लावायला अर्धा दिवस जाईल म्हणून त्याने रिलेचा काटा 7.5 अँपिअरवरून 10 वर नेला. काम पुढे चालले, मोटरच्या अंगाला मात्र हात लावता येईना.

त्यानंतर व्होल्टेजचा त्रास सुरू झाला. संध्याकाळी 415 च्या जागी 340 च्या आसपास व्होल्टेज मिळायचे, त्यामुळे स्टार्टरची कॉइल थरथरायची आणि सुटायची. पुन्हा पुन्हा बटण दाबायला नको म्हणून दादाने हिरव्या बटणात पाचर ठोकायला सांगितले, आणि ती पाचर मी स्वतः तासून दिली. मी तेव्हा 17 वर्षांचा होतो. लाइट गेली की स्टार्टर आपोआप सुटावा आणि परत आली तरी कोणी बटण दाबेपर्यंत यंत्र गप्प राहावे, एवढ्यासाठीच ती कॉइल स्टार्टरमध्ये असते. आम्ही दीड इंचाच्या लाकडाच्या तुकड्याने ती सोय बंद करून टाकली होती.

चौथ्या दिवशी दुपारी चिराई चालू असतानाच लाइट गेली. वेळ फुकट जाऊ नये म्हणून काकांनी खालचे दार उघडले आणि खालच्या चाकाच्या रबरावर साचलेला चीक आणि भुसा पत्र्याच्या तुकड्याने खरवडायला घेतला. मेन स्विच चालूच होता. लाइट आली तेव्हा आधी वरचा बल्ब लागला, आणि मी तिकडे पाहीपर्यंत पाते आणि चाक यांच्यामध्ये काकांचा हात गेलेला होता.

दादा आजही म्हणतो की मोटर मोठी असती तर ती ट्रिप झाली नसती आणि पुढचे काहीच घडले नसते. त्या वर्षी पावसाळ्यापूर्वी त्याने 7.5 ची मोटर बसवलीसुद्धा. मला हे म्हणणे तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. 24 इंची चाकावर साधारण 0.6 मिलिमीटर जाडीचे पाते चालते, कारण पात्याची जाडी चाकाच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढी ठेवायची, हा जुना हिशेब आहे. मोटर बदलली म्हणून त्या पात्याची ताकद वाढत नाही. लाकडात पाते अडकले की 5 ची मोटर रिले पाडून थांबते, 7.5 ची मोटर ओढत राहते आणि पाते तुटते. दादाच्या यंत्रावर पहिल्याच हंगामात पाती तुटू लागली. त्यातच वेग वाढावा म्हणून त्याने मोटरची 4 इंची पुली काढून 6 इंची घातली. 1440 फेऱ्यांची मोटर आणि चाकाकडे 8 इंची पुली असताना पात्याचा वेग मिनिटाला सुमारे 1380 मीटर होता, तो त्यामुळे 2070 मीटर झाला. बिडाच्या चाकावर येणारा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे तो सव्वादोन पट झाला. ती पुली मी भांडून उतरवायला लावली, तरी आपले चुकले असे दादा अजून म्हणत नाही.

आता आपल्या यंत्राविषयी. सागाच्या लाकडात सिलिका असते, त्यामुळे आंबा किंवा फणस चिरणारे पाते सागावर फार लवकर बोथटते. म्हणून पहिला संशय पात्यावरच घ्या. धार लावताना सेटही तपासा. दाते आलटून पालटून डावी-उजवीकडे पुरेसे वाकलेले नसतील, तर धार असूनही पात्याची पाठ लाकडात घासते आणि मोटर तेवढाच करंट ओढते. नवे किंवा नुकतीच धार लावलेले पाते चढवा आणि वायरमनकडून क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजचा करंट मोजून घ्या, आधी रिकामे चालवून आणि मग चिरताना. 5 एचपीच्या मोटरला पूर्ण भारावर साधारण 7.5 अँपिअर लागतात, पण नेमका आकडा तिच्या नेमप्लेटवर असतो आणि रिले त्याच आकड्यावर ठेवायचा असतो. एका फेजवर करंट शून्य असेल आणि उरलेल्या दोन्हींवर जास्त असेल, तर किटकॅटमधला, म्हणजे चिनी मातीच्या फ्यूजपेटीतला, एक फ्यूज गेला आहे असे समजा. चालती मोटर अशा वेळी घुमत चालूच राहते आणि जळते. म्हणून एक फेज गेली की मोटर बंद करणारा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर लावून घ्या; मोटर पुन्हा वाइंड करण्याच्या खर्चापुढे त्याची किंमत काहीच नाही.

व्होल्टेजही चिरत असतानाच मोजा. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, त्यामुळे 340 व्होल्टवर तो सुमारे दोन तृतीयांशच उरतो. मीटरपासून यंत्रापर्यंतची वायर लांब आणि बारीक असेल तर ती बदला. लाइनवर दुरुस्ती झाल्यानंतर पाते काढून, यंत्र क्षणभरच सुरू करून फिरण्याची दिशा पाहा. फेज उलटल्या असतील तर दाते खाली येण्याऐवजी वर जातात आणि लाकूड टेबलावरून उचलले जाते.

माझ्या म्हणण्याला दोन अपवाद आहेत. चिरताना नव्हे तर फक्त सुरू करतानाच रिले पडत असेल, तर पात्याचा दोष नसेलही. जड चाकांना वेग घ्यायला काही सेकंद लागतात आणि तेवढा वेळ मोटर नेहमीच्या सहा-सात पट करंट ओढते. अशा वेळी काटा न वाढवता क्लास 10 ऐवजी क्लास 20 चा, म्हणजे थोडा उशिरा पडणारा, रिले लावून घ्यावा. दुसरे असे की आपण रोजच मोठ्या उंचीचे ओंडके चिरत असाल आणि ताजी धार, नीट व्होल्टेज असूनही करंट नेमप्लेटच्या वर जात असेल, तर आपले काम खरोखर या यंत्रापेक्षा मोठे आहे. पण मग मोठ्या चाकांचे यंत्र घ्या, याच सांगाड्यावर मोठी मोटर चढवू नका.

आणि यंत्राचे कोणतेही दार उघडण्याआधी मेन स्विच पाडून त्याला कुलूप घाला, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. लाइट गेलेली असली तरीही हे करा. बटण बंद केल्यावरही चाके बराच वेळ फिरत राहतात, ती आपोआप थांबू द्या. काही लोक पात्याला बाजूने लाकूड टेकवून ती थांबवतात, तसे करू नका. करंटचे आकडे आणि ओंडक्याची उंची इथे लिहिलीत तर पात्याला इंचामागे किती दाते हवेत ते सांगता येईल.