कॉक्लिअर इम्प्लांट म्हणजे जास्त ताकदीचं श्रवणयंत्रच का? त्यातून बोलणं कसं कळतं?

नाही. आवाज मोठा करणं हे श्रवणयंत्राचं काम. इम्प्लांट आतल्या कानातल्या, आवाजाचे कंप टिपणाऱ्या पण निकामी झालेल्या केसपेशींना वगळून थेट श्रवणतंतूला विजेचे स्पंद देतं.

कानामागच्या प्रोसेसरमधला माइक आवाज टिपतो. प्रोसेसर वारंवारतेनुसार त्याचे पट्टे पाडतो आणि प्रत्येक पट्ट्यातला जोर कसा चढतो-उतरतो, मुख्यतः तेवढंच मोजतो. ही माहिती कातडीवरच्या कॉइलमधून रेडिओलहरींनी आत जाते. आत शंखाकृती कॉक्लियात, म्हणजे आतल्या कानाच्या ऐकण्याच्या भागात, साधारण 12 ते 22 इलेक्ट्रोड (वीज सोडणारे बारीक बिंदू) सरकवलेले असतात. 'सासू' म्हणून बघा: 'स'ची सळसळ उंच पट्टीतली, म्हणून शंखाच्या तोंडाजवळचे इलेक्ट्रोड जागे होतात, 'ऊ' आला की काम आतल्या टोकाकडे सरकतं. एकेका इलेक्ट्रोडवर सेकंदाला शेकडो स्पंद, तेही आळीपाळीने, कारण एकदम सोडले तर प्रवाह एकमेकांत मिसळतात. अमेरिकी संशोधक ब्लेक विल्सन आणि सहकाऱ्यांनी 1991 मध्ये मांडलेली ही युक्ती, माझ्या मते, सगळ्यातली खरी मेख.

सुरांचे बारकावे मात्र गळतात. शांत खोलीत गप्पा छान जमतात, लग्नाच्या हॉलमध्ये पंचाईत होते, आणि नुसत्या चालीवरून गाणं ओळखणं अवघड जातं. 'म' की 'न' हेही चुकतं. तिथे समोरच्याचे ओठ बघणं उपयोगी. यंत्र सुरू केल्यावर अनेकांना बोलणं आधी यांत्रिक वाटतं. मेंदूला सवय व्हायला महिने लागतात, आणि मधूनमधून ऑडिओलॉजिस्टकडे (श्रवणतज्ज्ञाकडे) जाऊन एकेका इलेक्ट्रोडची पातळी नव्याने बसवून घ्यावी लागते. त्याला मॅपिंग म्हणतात.