पहिल्यांदा मुंबईला निघालेल्या मुलीस

पाचोरा

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

काल पिठाच्या गिरणीवर तुझी आई भेटली. म्हणाली, "नाना, पोरीच्या परीक्षेचं सेंटर अंधेरीला आलंय. आम्ही दोघींनी मुंबई कधी पाहिली नाही, जीव नुसता वरखाली होतोय." तेव्हाच ठरवलं की तुला सविस्तर लिहायचं. वीस-बावीस वर्षं मी तालुक्यातले पेशंट घेऊन परळच्या टाटा हॉस्पिटलला जात होतो. महिन्यातून एक फेरी तरी व्हायचीच. त्या फेऱ्यांत जे कळलं ते तुझ्या उपयोगी पडेल. पत्र लांबेल, पण गाडीत वाचायला तुझ्याकडे वेळ आहे.

पहिली गोष्ट, विचारायला लाजू नकोस. मुंबईतला माणूस सांगतो, हमखास सांगतो. फक्त तिथली विचारायची रीत वेगळी आहे. आपल्याकडे आधी रामराम, मग कुठले, कोणाचे, चहा घेता का, आणि मग काम. तिथे इतकंच म्हणायचं, "घाटकोपर स्लो कुठे?" तो चालता चालता, तुझ्या तोंडाकडे न बघता "तीन नंबर" म्हणेल आणि पुढे निघून जाईल. त्याला तुसडेपणा समजू नकोस. त्याची गाडी चार मिनिटांवर आलेली असते आणि त्यातली दोन सेकंदं त्याने तुला दिलेली असतात.

माझा अनुभव सांगतो. सुरुवातीच्याच एका फेरीत आमच्यासोबत वरखेडीकडची एक म्हातारी होती. दादरला उतरताना मी तिला सांभाळण्याच्या नादात फाईल वरच्या फळीवरच विसरलो. तिचे सगळे रिपोर्ट, बायोप्सीचा कागद, सगळं त्यात होतं. गाडी हलली तेव्हा लक्षात आलं. मी फलाटावरून ओरडलो, "फाईल! हिरवी फाईल!" दारातल्या एका माणसाने हात वर केला, बस. गाडी फास्ट होती, पुढचा थांबा भायखळा. म्हातारीला बाकड्यावर बसवलं, शेजारच्या बाईला लक्ष ठेवायला सांगितलं आणि मागच्या गाडीने गेलो. भायखळ्याला उतरलो तर तो माणूस फलाटावर घड्याळाखाली उभा, दोन्ही हातांनी फाईल डोक्यावर उंच धरलेली, मला दिसावी म्हणून. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "कागद हातात ठेवायचे, फळीवर नाही," आणि समोर आलेल्या गाडीत चढला. त्याचं नावसुद्धा मला विचारता आलं नाही.

तर हॉल तिकीट, आधार कार्ड आणि फोटो प्लास्टिकच्या पाकिटात घालून अंगाशी ठेव. सॅक गर्दीत पाठीवर नाही, पोटाशी घ्यायची. मोबाईल मागच्या खिशात ठेवू नकोस.

आता रस्ता. तुमची मावशी डोंबिवलीला आहे हे फार बरं झालं. गाडीने दादरपर्यंत जाऊच नका. कल्याणला उतरा, तिथून डोंबिवली लोकलने जवळच आहे. पण लोकलचं वेगळं तिकीट लागतं. तुमचं पाचोऱ्याचं तिकीट कल्याणलाच संपतं, हे आईला नीट समजावून सांग. पुष्कळ जण तिथेच दंड भरतात. लोकलचं तिकीट काढलं की तासाभराच्या आत प्रवास सुरू करायचा असतो.

परीक्षेला डोंबिवलीहून लोकलने घाटकोपरपर्यंत आणि तिथून मेट्रोने अंधेरीला जायचं. फलाटावर इंडिकेटर असतो. त्यावर गाडी कुठपर्यंत जाणार ते, वेळ, आणि एस किंवा एफ. एस म्हणजे धीमी, सगळ्या स्टेशनांना थांबणारी. एफ म्हणजे जलद, ती मधली स्टेशनं सोडते. घाटकोपरला बहुतेक जलद गाड्या थांबतात, तरी पहिल्या दिवशी तू धीमीच पकड. पंधरा-वीस मिनिटं जास्त जातील, पण प्रत्येक स्टेशनचं नाव वाचत जाता येईल. डोंबिवलीहूनच सुटणारी लोकल मिळाली तर बसायलाही मिळेल.

फलाटावर जिथे बायका घोळक्याने उभ्या असतील तिथे उभी राहा, लेडीज डबा तिथेच येतो. डब्यावर प्रथम श्रेणी लिहिलेलं नाही ना, एवढं बघून घे. चढल्यावर दारात थांबू नकोस, आत सरक. बसायला मिळालं की कोणीतरी तुला विचारेल, "कहाँ उतरोगी?" घाबरू नकोस, तू उठल्यावर ती जागा आपल्याला मिळावी म्हणून ती सांगून ठेवत असते. तसंच तूही कोणाला विचारू शकतेस. आणि उतरायची वेळ आली की दोन स्टेशनं आधी उठून पुढच्या बाईला हळूच विचारायचं, "घाटकोपर?" तिने मान हलवली की तिच्या मागे उभं राहायचं. ती ज्या बाजूला तोंड करून उभी असेल त्या बाजूला फलाट येणार. एवढं जमलं तर लोकल जमली समज. चुकून स्टेशन मागे पडलंच, तर पुढच्या स्टेशनला उतरून उलटी गाडी पकडायची. धावत्या गाडीतून उडी नाही आणि रूळ ओलांडणं तर मुळीच नाही. पूल कितीही लांब असला तरी पुलानेच जायचं. माझ्या डोळ्यांदेखत जे झालंय ते तुला लिहीत नाही, पण हे ऐक.

घाटकोपरला उतरलीस की स्टेशनच्या पुलावरूनच मेट्रोकडे जाता येतं. ही वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो, २०१४ साली सुरू झाली. एसी आहे, स्वच्छ आहे, आईला आवडेल. आणि इथे एक महत्त्वाचं. हॉल तिकिटावर नुसतं 'अंधेरी' वाचून निघू नकोस. पुढे ईस्ट आहे की वेस्ट, ते बघ. रुळाच्या अलीकडे-पलीकडे दोन गावं आहेत असं समज. चुकीच्या बाजूला उतरलीस तर अर्धा तास जातो. ईस्टला साकीनाका, मरोळ किंवा चकाला असा पत्ता असेल तर अंधेरी स्टेशनपर्यंत जायचंच नाही. त्या नावांची मेट्रो स्टेशनं आधीच लागतात, तिथेच उतर.

परीक्षा रविवारची आहे, म्हणजे ऑफिसची गर्दी नसेल. पण रविवारी मेगाब्लॉक असतो. रुळांच्या कामासाठी साधारण अकरा ते चारच्या दरम्यान काही मार्ग बंद ठेवतात, गाड्या कमी होतात, उशिरा धावतात. सकाळी जाताना अडचण येणार नाही, येताना येऊ शकते. शनिवारच्या पेपरात कुठून कुठपर्यंत ब्लॉक आहे ते छापून येतं. मावशीला बघायला सांग. आणि शनिवारी दुपारी एकदा सेंटरच्या गेटपर्यंत जाऊन या. गेट पाहिलेलं असलं की रात्री झोप लागते.

रिक्षाचं आपल्या उलट. आपण आधी भाव ठरवतो, तिथे ठरवायचा नाही, बसताना "मीटरने" म्हणायचं. २०२५ च्या फेब्रुवारीपासून रिक्षाचे पहिले २६ रुपये आणि टॅक्सीचे ३१. स्टेशनच्या दारात जो स्वतःहून "कुठे जायचं ताई" विचारत अंगाशी येतो त्याच्याबरोबर जाऊ नका. रांगेतल्या रिक्षात बसा. आणि रिक्षा मुंबईत सगळीकडे नसते. वांद्रे आणि सायनच्या पुढे, म्हणजे दादर, परळ, फोर्टकडे फक्त टॅक्सी आणि बस.

आता पाऊस. जूनच्या शेवटी जाताय, म्हणून हे दुर्लक्षून चालणार नाही. आपल्या जिल्ह्यात सबंध वर्षाचा पाऊस सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला. आपलं वर्षभराचं पाणी आणि त्यावर आणखी, एका दिवसात. असं रोज होत नाही, पण त्या गावात पाणी का तुंबतं ते समजून घे. गिरणेचं आवर्तन सुटलं की पाटाला पाणी चढतं ना, तसं समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. मुंबईचं पावसाचं पाणी समुद्रातच जायचं असतं. भरती मोठी असली की समुद्रच ते घेत नाही, आणि त्याच वेळी जोराचा पाऊस आला की सायन, हिंदमाता, अंधेरीचा सबवे असे सखल भाग भरतात. म्हणून पेपरात भरतीची वेळ आणि उंची छापतात. साडेचार मीटरच्या वर भरती आणि मोठ्या पावसाचा इशारा एकाच दिवशी असेल तर त्या दिवशी फिरायचा बेत रद्द करायचा. परीक्षेला मात्र दोन तास आधी निघायचं.

तुंबलेल्या पाण्यात पाय घालू नका, उघडं मॅनहोल दिसत नाही. घालावाच लागला आणि पायाला जखम असेल तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. उंदरांच्या मुतातून त्या पाण्यात लेप्टोस्पायरोसिस पसरतो. मुंबईत दर पावसाळ्यात त्याचे पेशंट निघतात. चामड्याची चप्पल घरी ठेवा, मागे पट्टा असलेले रबरी सँडल घाला. एक कोरडा कुर्ता सॅकमध्ये असू दे. भिजल्या कपड्यात तीन तास पेपर लिहायचा आणि वर एसी, हे नको.

उकाडा तुला वेगळा वाटेल. आपल्याकडे मे महिन्यात पंचेचाळीसला टेकतो, पण घाम वाळतो. तिथे तिशीतच घाम अंगावर राहतो. सुती, सैल कपडे आणि लिंबू-मीठ-साखरेचं पाणी बाटलीत. रस्त्यावरचा बर्फ घातलेला सरबत-गोळा परीक्षेआधी नको. वडापाव खा, गरम तळताना दिसेल तिथेच. आईला सांग, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांध. दशमी दोन दिवस टिकते आणि मावशीलाही आपल्या घरची चव मिळेल. मावशीचं घर लहान असेल, सामान एकाच बॅगेत बसवा.

सोमवारी आईला समुद्र दाखव. सकाळची गर्दी ओसरली की, म्हणजे अकराच्या सुमारास निघा आणि संध्याकाळी चारच्या आत परत फिरा. सीएसएमटीला शेवटपर्यंत जा, ती इमारत बाहेरून नीट बघा. १८८८ साली बांधून झाली. त्याच्या बरंच आधी, १८५३ च्या १६ एप्रिलला, तिथल्याच बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत पहिली गाडी धावली. सोमवारी घारापुरीचा बेत करू नका, लेणी बंद असतात. टॅक्सीने मरीन ड्राइव्हला किंवा गिरगाव चौपाटीला जा. मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसायचं, पण त्याच्या पलीकडे जे सिमेंटचे चार पायांचे दगड टाकलेत त्यांवर उतरायचं नाही. शेवाळ असतं, पाय सटकला की मधल्या फटीत माणूस अडकतो. पावसाळ्यात चौपाटीच्या पाण्यातही शिरू नका, वाळूवर उभं राहून बघा.

त्या वरखेडीच्या म्हातारीला एकदा तपासणीनंतर मी गिरगावला नेलं होतं. तिने आयुष्यभर पाणी विहिरीतून ओढलेलं. बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "माय वं, इतलं पानी!" ओंजळीत घेतलं, जिभेला लावलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "हाई ते खारं से." तिच्या चेहऱ्यावरचं ते वाईट वाटणं मला अजून दिसतं.

परतीचं बोर्डिंगही कल्याणहूनच ठेव. लोकमान्य टिळक टर्मिनसहून सुटणारी गाडी असली तरी बघून घे, कल्याणला थांबत असेल तर कुर्ल्यापर्यंत जायची गरज नाही. रात्रीची गाडी असेल तर कसाऱ्याला ती थोडा वेळ उभी राहील. घाट चढायला मागून बँकर इंजिनं लावतात, ती लागताना गाडीला एक जोराचा धक्का बसतो. आई झोपेतून दचकेल. कसारा यायच्या आधी तिला सांगून ठेव, आणि पाण्याची बाटली बर्थच्या कडेला ठेवू नकोस.

घाटकोपरला पोहोचलीस की एक फोन कर.

तुझा,
नाना